सेवेच्या प्रवासात लेकरू कुठे असते?

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी हडपसरच्या आमच्या वाचनमंडळाकडे एक तरुण दांपत्य आले. दोघेही आपल्याच धर्मग्रामातील. पूर्व आफ्रिकेतील एका मिशन केंद्रात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून राबायचे, आणि तेही दोन्ही मुलांसह, असा त्यांचा विचार चालला होता. मुलगी सात वर्षांची, मुलगा तिसऱ्यात. पैसा साठवला होता, रजा मिळणार होती, आजी-आजोबांचा राग मावळत आला होता. आमच्याकडे त्यांची मागणी साधी होती : लहान मुले बरोबर घेऊन सेवेसाठी परदेशी गेलेल्या एखाद्या कुटुंबाची हकीकत मराठीत असेल तर ती वाचायला द्यावी. आम्ही कपाटापाशी उभे राहून विचार करू लागलो. तेवढ्यात सात वर्षांच्या मुलीने आईचा पदर ओढून विचारले, "पण तिथं मी काय करायचं?"

आई हसली, वडील हसले, आम्हीही हसलो. उत्तर मात्र कोणीच दिले नाही. ते दांपत्य गेल्यावर आम्ही कपाटातली पुस्तके काढून बसलो, आणि तो प्रश्न हाताशी धरून वाचू लागलो. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या कॅथलिक मिशन वाङ्मयात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स असोत, किंवा पुढे पुणे-अहमदनगर भागात खेडोपाडी फिरलेले जर्मन आणि स्विस येशूसंघीय धर्मगुरू असोत, ते ब्रह्मचारी होते. त्यांच्या पत्रांत ताप आहे, बैलगाडी आहे, एकांत आहे, लेकरू नाही. लेकरू होते ते प्रॉटेस्टंट मिशनरी कुटुंबांत. त्या मुलांच्या शिक्षणासाठी डोंगरावर निराळ्या शाळा निघाल्या. कोडाईकनालची शाळा १९०१ साली त्यासाठीच सुरू झाली. आईवडील मैदानात, मुले डोंगरावर, अशी ती व्यवस्था.

आपल्या ख्रिस्तसभेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याचा विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, स्वतंत्र दस्तऐवजात मांडला. पुढे १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबाविषयी लिहिलेल्या 'फामिलियारिस कोन्सोर्सियो' या प्रबोधनपत्रात, आयुष्याचा काही काळ मिशन प्रदेशात घालविणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा गौरवाने उल्लेख केला आणि त्यांना अक्विला व प्रिस्किल्ला या प्रेषितकालीन जोडप्याच्या पंक्तीस बसविले. गौरव योग्यच आहे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या मुलांचा कोठेही उल्लेख नाही. आदर्श म्हणून जे जोडपे आपणांस मिळाले आहे, त्याच्या घरात पाळणा हललेला आपण कधी पाहिलेला नाही. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील त्या दांपत्याची वाट तशी मळलेली नाही.

मराठीत या वाटेच्या सर्वांत जवळ जाणारे नाव पंडिता रमाबाईंचे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन परंपरेत. पण मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार पंथाच्या भिंती राखून करता येत नाही. शिवाय हडपसरकरांना त्या परक्याही नाहीत. आमच्या स्टेशनावरून दौंडच्या बाजूस जाणारी गाडी धरली, की काही स्टेशने ओलांडल्यावर केडगाव येते. तेथे त्यांचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

१८८३ च्या वसंतात रमाबाई मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. पती बिपिनबिहारी आदल्या वर्षी कॉलऱ्याने गेले होते. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे राहिले. वैद्यकी शिकावी आणि परत येऊन स्त्रियांची सेवा करावी, हा हेतू होता. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो पुढे सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात माय-लेकींना आसरा मिळाला, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर रमाबाई चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात शिकायला व शिकवायला गेल्या, आणि मनोरमा वाँटेजला राहिली. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. लेक बरोबर होती. पण काही काळाने तिला पुन्हा वाँटेजला धाडण्यात आले. आई १८८९ च्या आरंभी भारतात परतली ती सेवासदनाची योजना आणि अमेरिकन मित्रांचे पाठबळ घेऊन. त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले.

या प्रवासाविषयी आपणांपुढे तीन प्रकारचे लेखन आहे. तिन्ही एकाच बाईच्या हातचे, पण त्यांतील लेकरू मात्र प्रत्येक ठिकाणी निराळ्या जागी बसलेले आहे. आमच्या समीक्षेचा मुद्दा हाच आहे.

पहिले लेखन १८८९ साली प्रसिद्ध झालेले 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. मराठीतील हा एक थोर ग्रंथ आहे, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. अमेरिकेची शासनव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार, असा एकेक विषय घेऊन रमाबाई लिहितात. पाहुण्याची भीड त्यांना नाही आणि भक्ताचे अंधत्वही नाही. कौतुक करण्याजोगे असेल तेथे मोकळेपणाने कौतुक आहे. वर्णद्वेष, मूळच्या रहिवाशांवरील अन्याय दिसेल तेथे फटकाराही आहे. परतून आलेल्या प्रवाशाने समाजाला काय द्यावे, याचा हा वस्तुपाठ होय. मात्र त्यात लेकीसाठी एकही प्रकरण नाही. पुस्तकाचे नावच लोकस्थिती सांगते आणि त्या नावाशी लेखिका प्रामाणिक राहिली आहे. यात आम्हांस दोष दिसत नाही. पण जे दांपत्य आमच्याकडे पुस्तक मागायला आले, त्याच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथात मिळणार नाही, हेही खरे.

दुसरे लेखन म्हणजे पत्रे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपून ठेवली, त्यांचे संकलन केले, आणि ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत आहेत, त्यामुळे आपल्या पुष्कळ वाचकांपर्यंत ती पोहोचलेली नाहीत. ही खेदाची गोष्ट आहे. कारण लोकस्थितीच्या ग्रंथात नसलेली मनोरमा येथे पानोपानी आहे. तिने काय खावे, कोणाजवळ राहावे, कोणत्या भाषेत वाढावे, आणि मुख्य म्हणजे तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावर दोन बायका एकमेकींना लिहीत आहेत. एक जन्मदाती आई. दुसरी धर्ममाता, जिला 'आजीबाई' हे घरगुती नाव मिळाले होते.

वाद कडू आहे. रमाबाई सगळी मते तशीच्या तशी स्वीकारणाऱ्या नव्हत्या. जी गोष्ट आपल्याच बुद्धीला अद्याप पटलेली नाही ती आपल्या लेकीच्या मुखी घालू नये, आणि लेकीविषयी अखेरचा निर्णय आईचा, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डीन यांना वाटे की मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे, तेव्हा तिला पूर्ण श्रद्धेचे शिक्षण मिळणे हा तिचा हक्क आहे. आपण कॅथलिक वाचक या ठिकाणी सिस्टर जेराल्डीन यांच्या बाजूला झुकणार, हे उघड आहे. आम्हीही झुकलो. पण पत्रे संपेपर्यंत आमचे मन पुरते अस्वस्थ झाले. दोघींचेही प्रेम खरे आहे, दोघींच्याही युक्तिवादात बळ आहे. आणि जिच्यासाठी हे चालले आहे ती चार-पाच वर्षांची पोर मात्र या भांडणात स्वतः एक वाक्यही बोलत नाही. तिच्या वतीने सर्व बोलतात.

येथे संग्रहाविषयी एक समीक्षात्मक सावधगिरी नोंदवितो. रमाबाईंची ही पत्रे त्यांच्या प्रतिपक्षाने जुळविलेली आहेत. कोणते पत्र आधी, कोणते नंतर, कोठे टिपण जोडावे, हे वाद घालणाऱ्या दोघींपैकी एकीच्या हाती होते. तरीही स्वतःला दोष लागेल अशी पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी फाडून टाकली नाहीत. चांगल्या संग्राहकाची ही कसोटी आहे आणि त्या तिला उतरतात. आमची विनंती एवढीच, की कोणी मराठी अभ्यासकाने या पत्रांपैकी मनोरमेविषयीची पत्रे निवडून त्यांचा सुबोध अनुवाद करावा. आपल्या पालकवर्गाला ते पुस्तक कोणत्याही उपदेशपर पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

तिसरे लेखन १९०७ सालची साक्ष. मूळ इंग्रजीत लिहिलेले हे छोटे पुस्तक मराठीत 'माझी साक्ष' म्हणून वाचले जाते. आणि येथे आम्हांला जे आढळले त्याने आधीच्या दोन्ही पुस्तकांवर नवा प्रकाश पडला. रमाबाई स्वतःच प्रवासातले मूल होत्या! वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी गंगामूळचे रान सोडून तीर्थयात्रेची वाट धरली तेव्हा त्या जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले. पुढली वर्षे देवळे, धर्मशाळा, पुराणकथन यांत गेली. आईवडील अत्यंत श्रद्धाळू होते. होते ते द्रव्य व्रते, दाने आणि यात्रा यांत संपले. दुष्काळ आला तेव्हा हात रिकामे होते. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास.

आईवडिलांची श्रद्धा मुलांच्या पोटावरून जाऊ शकते, हे या बाईने पुस्तकात वाचलेले नव्हते. ते तिने भोगलेले होते. आणि तरीही साक्षीत वडिलांविषयी कडवट शब्द नाही. आईने शिकविलेल्या संस्कृत पाठांविषयी अपार कृतज्ञता आहे. आमच्या मते पत्रांतील ती हट्टी आई कोठून आली, हे साक्ष वाचल्यावर कळते. कधी काळी पेटाऱ्यातून गेलेल्या मुलीने आपल्या लेकीसाठी वाद घातला होता. आणि विसंगती अशी, की त्याच आईने कार्यासाठी लेकीला समुद्रापलीकडे, ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याच पदरात ठेवले. यास कोणी विश्वास म्हणेल, कोणी नाइलाज. आम्ही दोन्ही म्हणतो. मनोरमाबाईंनी पुढे आईच्याच कार्यात आयुष्य वेचले आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. मनोरमाबाईंनी आपल्या बालपणाची हकीकत स्वतः सविस्तर लिहिली असती, तर या लेखाची गरजच उरली नसती.

याच्या उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, घर दुभंगले, आणि मध्ये सापडला तो छोटा दत्तू. परदेश येथे नाही. पण त्या काळी पंढरपूर आणि नगर यांमधले अंतर इंग्लंडहून कमी नव्हते. लक्ष्मीबाई थोर प्रसंगांची पूजा बांधीत नाहीत. त्या हसतात, रडतात, चिडतात, आणि त्या गडबडीत लेकरू सतत पायांत असते. पतीच्या परोपकारी स्वभावापायी घरात उद्या काय शिजणार, हा प्रश्न त्या वाचकापासून लपवीत नाहीत. म्हणूनच टिळक त्यांच्या पुस्तकात अधिक मोठे वाटतात. आणि एक योग असा, की लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या तेव्हा अपुरे राहिलेले लेखन मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केले. ज्या पुस्तकात लेकराला जागा होती, ते पुस्तक अखेर लेकरानेच पुरे केले.

आता आपल्या पानांकडे वळू. परतून आलेल्या कुटुंबांचे अनुभवकथन आपण छापतो, धर्मग्रामाच्या सभागृहात त्यांची चित्रफीत दाखवितो. आमच्या मंडळानेही टाळ्या वाजविल्या आहेत. हा दोष प्रथम आमचा. या कथनांचा एक साचा झाला आहे. आरंभी हाक, मग अडचणी, मग विमान, मग तेथील मुलांचे हसरे चेहरे, आणि शेवटी "आम्ही द्यायला गेलो, पण घेऊन आलो" हे वाक्य. आपली मुले या कथनात छायाचित्रापुरती असतात. तेथील मुले तर नावाशिवायच असतात. ज्यांच्या गळ्यात हात घालून चित्र काढले त्यांना चौथ्या आठवड्यानंतर काय वाटले, हे लिहिणारा लेख आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे मुलांना होणाऱ्या अपायांची दखल घेतली. येणारा पाहुणा माया लावतो आणि निघून जातो; राहणाऱ्या मुलाला हा वियोग पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. साहित्याच्या दृष्टीनेही हे कथन त्यामुळे खोटे पडते, कारण त्यात निरोपाच्या क्षणापुढचे काहीच नसते.

धोक्याचा प्रश्नही भक्तीच्या भाषेत बुडवून टाकू नये. आमच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'आर ट्वेंटीवन' ही मलेरियाची लस ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसपात्र ठरविली. आपल्या गावातून आफ्रिकेच्या मुलांकडे जाणारी ही सेवा आम्हांस अभिमानास्पद वाटते. पण ती लस मलेरियाच्या प्रदेशात वाढणाऱ्या बालकांसाठी आहे, सहा आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी नव्हे. तान्ह्या आणि लहान मुलांना अशा प्रदेशात शक्यतो नेऊ नये, असाच वैद्यकीय सल्ला असतो. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा विचार प्रार्थनेच्या आधी नव्हे, पण प्रार्थनेबरोबर झाला पाहिजे.

आणि एक स्मरण, जे करताना लेखणी जड होते. १९९९ सालच्या जानेवारीत, २२ आणि २३ तारखांच्या मधल्या रात्री, ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या फिलिप व टिमथी या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांसह जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा सोडली नाही. त्या क्षमेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्या वेळी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात मुलांसाठीही बापासाठी वापरलेलेच शब्द सरसकट वापरले गेले. बापाने आपली वाट निवडली होती. मुलांनी बापाचे बोट धरले होते. ख्रिस्तसभा २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण पाळते. न निवडता गेलेल्या लेकरांसाठी तिच्यापाशी निराळी जागा आणि निराळा शोक आहे. लेखकांनी हा भेद शिकावयास हवा.

मग अशा प्रवासाची कथा सांगावी कशी? आमच्या मते नमुना शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. संत लूक याने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका कुटुंबाची धार्मिक यात्रा वर्णिली आहे. यात्रा यशस्वी झाली, सण पार पडला, आणि परतीच्या वाटेवर लक्षात आले की बारा वर्षांचा मुलगा बरोबर नाही. आईवडील तीन दिवस शोधतात. आई आपली व्यथा बोलून दाखविते. आणि लूक त्या मुलाला बोलू देतो. त्याचा प्रश्न आईवडिलांना समजला नाही, हेही तो प्रांजळपणे लिहून ठेवतो, आणि आईने ते सारे मनात जतन केले, असे सांगून थांबतो. इतक्या थोड्या ओळींत यात्रेची भक्ती, पालकांची चूक, आईचे दुःख आणि मुलाचा स्वतंत्र जीव, यांपैकी काहीही गाळलेले नाही. पवित्र कुटुंबालाही हे चुकले नाही, तर आपल्या कुटुंबांनी ते का लपवावे?

असो. त्या दांपत्याला आम्ही 'माझी साक्ष' आणि 'स्मृतिचित्रे' दिली, आणि पत्रांच्या संग्रहातील निवडक पाने समजावून सांगितली. जावे की न जावे, हे सांगणे समीक्षकाचे काम नव्हे. ते त्यांच्या धर्मगुरूंशी, वैद्यांशी आणि एकमेकांशी बोलून ठरवितील. पुस्तके परत करायला आले तेव्हा त्यांनी सांगितले की धाकटा आणखी थोडा मोठा होईपर्यंत थांबायचे ठरते आहे, पण नक्की नाही. मुलगी सोबत होती. तिला आम्ही म्हटले, "बाळ, तू विचारलंस त्याचं उत्तर आम्हांला पुस्तकांत पुरतं सापडलं नाही." ती म्हणाली, "मग मी जाऊन आले की सांगीन."

तिचे हे वाक्य आम्ही गंभीरपणे घेतले आहे. यापुढे सेवाप्रवासाचे जे कुटुंबकथन आमच्या मंडळाकडे वाचनास येईल, त्यात मुलांनी स्वतः लिहिलेले वा सांगितलेले एक पान असावे, असा आमचा आग्रह राहील. ते कंटाळ्याचे असेल, तापाचे असेल, तेथल्या मित्राच्या आठवणीचे असेल, किंवा आईबाबांवरील रागाचेही असेल. ते जसे असेल तसे छापले जावे.